सतराव्या मजल्यावरचा कठडा

वास्तुशांतीचा होम आटोपला, भटजी गेले आणि पहिली पंगत बसायच्या बेतात होती, तेव्हा माझा नवरा उजव्या हाताने डावा हात धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दारावरचं तोरण एका बाजूने सुटलं होतं, ते लावायला त्याने हात वर केला होता म्हणे. कपाळावर घाम आणि ओठांवर हसू. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सीमा, इथे कठडा कुठाय?"

नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये कठडा नव्हता. सरकत्या काचांच्या खिडक्या होत्या, पांढऱ्या लाद्या होत्या, घरात संडास होता. पण हितेंद्रचा खांदा बसवायला लागतो तसा, कमरेच्या वर येणारा, हलवून न हलणारा लाकडी कठडा कुठेच नव्हता. बिल्डरबरोबरच्या सतराशे मीटिंगांमध्ये चाळकऱ्यांनी नळापासून नोटीस बोर्डापर्यंत सगळं मागून घेतलं, तेवढं एक मागायचं राहिलं.

बाहेरच्या खोलीत चाळीस माणसं पानांवर बसलेली आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत कठडा शोधतोय. सोफ्याच्या पाठीवर काख टेकवली तर फोम आत गेला. फ्रिजवर टेकवली तर फ्रिज सरकला. मग हा खिडकीकडे वळला. मी म्हटलं, "आणि तुझा हात ओढायला मी काय सतराव्या मजल्यावरून बाहेर लोंबकळू?" तेव्हा कुठे थांबला.

शेवटी लिफ्टने खाली आलो, पत्र्याच्या कुंपणाला वळसा घातला, वॉचमनची समजूत काढली आणि आमच्या रिकाम्या झालेल्या जुन्या चाळीत शिरलो. लालबागची मुकादम चाळ, दुसरा मजला, सत्तावीस नंबरच्या खोलीसमोरचा गॅलरीचा कठडा. हितेंद्रने आपल्या ठरलेल्या जागी काख टेकवली आणि हात कठड्यापलीकडे सोडला. मी त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, शेजारून ओणवी झाले, मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार टाकून खाली ओढलं. कट्‌ असा आवाज झाला. हा म्हणाला, "झालं. चल, मठ्ठा संपला नसेल ना?" आणि वर येऊन त्याच हातात ताट धरून पंगतीत जिलब्या वाढल्या.

हे असं सोळा वर्षं चाललं होतं.

आमचं लग्न चाळीतल्या चाळीत झालं. मी पहिल्या मजल्यावरची, हा दुसऱ्या मजल्यावरचा. लहानपणापासून एकमेकांना अरेतुरे करायचो ते लग्नानंतरही सुटलं नाही, याचं माझ्या सासूबाईंना, मालनबाईंना, अजून वाईट वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील लावायला हा स्टुलावर चढला. स्टूल सरकलं. याने डाव्या हाताने वरचा वासा धरला आणि त्या एका हातावर अंगाचा सगळा भार घेऊन क्षणभर लटकला. खाली आला तेव्हा खांद्याचा गोल आकार गेला होता आणि काखेच्या पुढे काहीतरी टेंगळासारखं वर आलं होतं. मी घाबरून रडायला लागले.

तेव्हा चाळीत धोंडूकाका होते. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवलेले, मिलच्या व्यायामशाळेत पोरांचे हातपाय बसवलेले. त्यांनी हितेंद्रला कठड्यापाशी नेलं, काख वर टेकवायला लावली आणि मला बोलावलं. "सीमा, रडतेस काय? इकडे ये. आधी घड्याळ काढ त्याचं. आता मनगट धर. झटका मारायचा नाही, भार टाकायचा." मी भार टाकला. कट्‌ झालं आणि सगळी गॅलरी टाळ्या वाजवायला लागली. नवी नवरी आणि पहिल्याच दिवाळीत नवऱ्याचा खांदा बसवला, याचं केवढं कौतुक झालं सांगू. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

धोंडूकाकांनी तीन आठवडे हात गळ्यात बांधायला सांगितला होता. हितेंद्रने तो दोन दिवस बांधला. तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि गळ्यात झोळी घालून बहिणीकडे कसं जायचं, असं याचं म्हणणं पडलं.

त्यानंतर खांदा निसटायला निमित्त लागेनासं झालं. शर्ट घालताना निसटला. झोपेत कूस बदलताना निसटला. एकदा नुसत्या शिंकेने निसटला. धोंडूकाका गेले आणि ते काम कायमचं माझ्याकडे आलं. मी दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते. तिथून हितेंद्रसाठी दोनदा टॅक्सी करून धावत आलेय, कारण आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, किंवा शेजारच्या सीतारामकाकांनी ओढलेलं याला चालायचं नाही. "तुझ्या हाताला गुण आहे," म्हणायचा. आणि प्रत्येक वेळी हसायचा. दुखतं का विचारलं तर म्हणायचा, "सवय झालीय गं." मी विश्वास ठेवला.

बाकी कुणाचा खांदा असता तर मी डोक्याला एवढा ताप करून घेतला नसता. पण माझा नवरा शाळेची बस चालवतो. लालबाग, परळ, भोईवाडा करत दादरच्या शाळेत चाळीस मुलं सकाळी सोडतो आणि दुपारी परत आणतो. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी एकदा संध्याकाळी चहा पिताना याने मला गंमत म्हणून सांगितलं. मागच्या सीटवरच्या मुलीची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली. सिग्नल होता म्हणून याने डावा हात मागे टाकून ती उचलायला घेतली आणि खांदा सुटला. सिग्नल हिरवा झाला. मागे गाड्यांचे हॉर्न. याने सीटच्या पाठीवर काख टेकवली, उजव्या हाताने स्वतःचंच मनगट ओढलं आणि बसवला. "पोरांना वाटलं मी काय व्यायाम करतोय," असं म्हणून खदाखदा हसला.

मी हसले नाही. सिग्नल आधीच हिरवा असता तर, बस उतारावर असती तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारली आणि याला धरून परळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं.

तिथे डॉक्टर संघमित्रा भेटल्या. बारीक चणीच्या, मोठ्या आवाजाच्या. एक्स-रे, एमआरआय, सीटी स्कॅन असं सगळं होऊन आम्ही परत त्यांच्यासमोर बसलो तेव्हा जवळपास महिना उलटला होता. त्यांनी टेबलावरची चहाची बशी उचलली आणि त्यावर एक लिंबू ठेवलं.

"खांद्याची खोबण म्हणजे काही खोल वाटी नाही, अशी उथळ बशी आहे. गोळा मोठा, बशी लहान. गोळा घसरू नये म्हणून बशीच्या कडेने रबरासारखी एक कड असते. पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा पुढची कड फाटली. तेव्हा हात नीट बांधून ठेवला असता तर कदाचित चिकटली असती. नाही चिकटली. मग प्रत्येक वेळी गोळा तिथूनच बाहेर येतो आणि येताना बशीचं हाड थोडं थोडं झिजवतो. आता पुढची पाव बशी राहिलेली नाही." त्यांनी बशी कलती केली. लिंबू घरंगळत हितेंद्रच्या मांडीवर पडलं.

मग म्हणाल्या, नुसती कड शिवून आता भागणार नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला चोचीसारखं एक हाड असतं, त्याचा तुकडा काढून बशीच्या झिजलेल्या कडेला स्क्रूने बसवायचा, बांध घालतात तसा. नंतर सहा आठवडे झोळी, मग व्यायाम, आणि पाच-सहा महिने बस नाही. "आणि ऑपरेशन होईपर्यंतही बस नाही. कळलं का? शिवाय दर वेळी खांद्याजवळची नस ताणली जाते. ती एकदा गेली तर हात वर होणार नाही."

हितेंद्रने मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "आजवर बसवायचं कोण?"

"ही," हा अभिमानाने म्हणाला. "हिने डॉक्टर व्हायला पाहिजे होतं. चाळीच्या कठड्यावर एका दमात बसवते."

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलच्या टोकाने गोळ्याच्या मागच्या बाजूची एक खाच दाखवली. "गोळा बाहेर असताना बशीच्या कडेवर दाबला जातो, त्याने ही पडते. कठड्यावर टेकवून जोर लावला की आणखी दाबला जातो. आमच्या नायगावच्या चाळीत जिन्याच्या कठड्यावर बसवायचे. माझ्याही काकांचा असाच बसवला होता सगळ्यांनी मिळून." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ती खाच मी घरी घेऊन आले. भाजी चिरताना दिसायची, दुकानात चष्म्याची काच पुसताना दिसायची. तरी खांदा सुटला की ओढायची मीच.

ऑपरेशनला मात्र हितेंद्रला वेळ नव्हता. आधी म्हणाला, मे महिन्यात करू, शाळेला सुट्टी असते. मे महिन्यात गावाला देवाचं कार्य निघालं. मग म्हणाला, दिवाळीत. दिवाळीत सहा आठवडे सुट्टी नसते, हे याला दिवाळी आल्यावर कळलं. मग म्हणाला, नव्या घरात गेल्यावर, कारण सामान कोण उचलणार? मी म्हटलं, तू सामान उचललंस तर मीच तुझा हात तोडेन. बस सोड म्हटलं तर टीव्हीचा आवाज वाढवायचा. एकदा मी बसच्या मालकाला, पुष्करला, फोन लावायला घेतला, तर हा जेवणाच्या ताटावरून उठला. "माझ्या पोटावर पाय देणार तू? त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडीची चावी काढून घेईल."

मी फोन ठेवला. चुकले. हे मी आज सांगतेय, तेव्हा स्वतःला सुद्धा सांगत नव्हते. रोज सकाळी हा निघाला की मी, आधी चाळीच्या गॅलरीत आणि मग सतराव्या मजल्यावरच्या खिडकीत, उभी राहायचे आणि ती पिवळी बस कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायचे. नीट वळली की चहा गाळायचे.

त्यामुळे फेब्रुवारीत जुनी चाळ पाडायला घेतली तेव्हा सगळा टॉवर रडत होता आणि मी मनातून खूश होते. लोकांनी खिडक्यांतून व्हिडिओ काढले. आई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तीन पिढ्ये ऱ्हवले थंय." मला वाईट वाटलं नाही असं नाही, माझं बाळपण त्याच गॅलरीत गेलं. पण प्रत्येक धपाक्याला मला वाटत होतं, आता बघते कुठे खांदा बसवतोस ते. कठडा गेला की हा आपोआप हॉस्पिटलचा रस्ता धरेल, असं माझं गणित होतं.

चौथ्या दिवशी दुकानातून घरी आले तर दारात चपलांचा ढीग. आत मजल्यावरची सगळी माणसं चहा पीत बसलेली. आणि हॉलच्या मधोमध, भिंतीपासून पुढे आलेला, तळाशी लोखंडी पट्ट्या मारून लादीत बोल्ट ठोकलेला, साडेतीन फूट लांबीचा गॅलरीचा कठडा. खालच्या नक्षीदार गजांसकट.

सीतारामकाका उठून उभे राहिले. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. स्वतःच्या घरचं लग्न पार पडल्यावर चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा होता. "सीमा, पोरी, बघ. ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या मजल्याचा सत्तावीस नंबरसमोरचा तुकडा आम्हाला पाहिजे. तो दुसराच देत होता. मी म्हटलं, नाय, तोच. आमच्या मुलाने, स्वप्नीलने, बसवला. उंची पण तीच ठेवलीय, इंचपट्टी लावून."

तोच होता. वरच्या लाकडाला एका जागी काळी, गुळगुळीत चमक आली होती, हितेंद्रच्या काखेची. आईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. हॉलचे दोन भाग झाले होते आणि टीव्ही बघणारा माणूस कोर्टातल्या पिंजऱ्यात उभा केल्यासारखा दिसत होता. हितेंद्र त्याच्यावर हात फिरवत सगळ्यांना सांगत होता, "सागवान आहे. आता असलं लाकूड मिळत नाही."

मला भयंकर संताप आला. कुणावर ओरडू? त्या माणसांनी मनापासून केलं होतं. ऊन-धुळीत उभं राहून, ठेकेदाराशी हुज्जत घालून, सतरा मजले लिफ्टमधून तिरका करत आणला होता. एवढी माया, एवढी मेहनत, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की या माणसाला धरून ऑपरेशनला न्यावं. मी आत गेले आणि आणखी चहा टाकला. साखर घालायची विसरले, तर सगळ्यांनी तसाच गोड मानून घेतला.

मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा सुरू झाल्या. त्या सकाळी सहाला हितेंद्र खाकी शर्टाच्या डाव्या बाहीत हात घालत होता. मी डबा भरत होते. आतून "च्‌" असा आवाज आला आणि मला न बघता कळलं.

तो बाहेर आला तो थेट कठड्यापाशी. अर्धा शर्ट अंगात, अर्धा लोंबता. गुडघे किंचित वाकवून त्याने काख त्या काळ्या जागेवर टेकवली आणि हात पलीकडे सोडला. "बघ, कसा उपयोगी पडला," म्हणाला. "चल लवकर. सव्वासहाला पहिला स्टॉप आहे."

मी पलीकडच्या बाजूला गेले. घड्याळ काढलं. मनगट धरलं. माझं अंग आपोआप मागे झुकायला लागलं, सोळा वर्षांच्या सवयीने. आणि माझ्या हाताखाली ती खाच आली. खरंच हाताला लागली असं नाही, पण त्या वेळी तसंच वाटलं. पहिल्या दिवाळीपासून ती मीच कोरत आलेय असं वाटलं. मी मनगट सोडलं.

"काय झालं?"

"मी ओढणार नाही."

"सीमा, मस्करी नको. पोरांची परीक्षा आहे."

"म्हणूनच नाही ओढणार."

आई देवघरातून धावत आल्या. "अगो, घड्याळ काढलंस मा? मगे ओढ गो! माझ्या झिलाक असो टांगून काय ठेवतस?"

"आई, मी हात लावणार नाही."

"तू नाय तर मी ओढतंय," म्हणून त्या पुढे झाल्या. सत्तर वर्षांच्या बाईच्या आणि कठड्याच्या मध्ये मी उभी राहिले. आवाज ऐकून समोरच्या दारातून सीतारामकाका बनियनवर आले आणि बाह्या नसताना बाह्या सरसावत म्हणाले, "सर पोरी, मी धरतो. धोंडूने मलाही दाखवलं होतं."

"काका, तुम्ही हात लावलात तर आज तुमच्या-माझ्यात बोलणं संपलं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी असं बोलले. ते जिथे होते तिथेच थांबले.

हितेंद्रचं हसू तेव्हा गेलं. चिडला. "तुला काय सिद्ध करायचंय? चाळीस पोरं खाली उभी राहतील. माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणतेस?"

"हो. रोज सकाळी मी आधी गॅलरीत, आता त्या खिडकीत उभी असते, माहितीय तुला? बस वळली की श्वास सोडते. दोन वर्षं. त्या मुलांच्या आया खाली बस स्टॉपवर उभ्या असतात, त्यांना वाटतं ड्रायव्हर धडधाकट आहे. मला माहितीय तो नाही. मी पण तुझ्यासारखीच खोटारडी झालेय, हितेंद्र. मला नाही जमत आता."

मी त्याचा फोन उचलला, पुष्करचा नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला. "सांग."

दोन रिंग झाल्या. पुष्करचा झोपेतला आवाज आला. हितेंद्र कठड्यावर ओणवा, माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा गाडी पंक्चर आहे म्हणणार. मी फोन हलवला नाही.

"पुष्करशेठ, हितेंद्र बोलतोय. आज गाडी तुम्हाला न्यावी लागेल. माझा खांदा निखळलाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हितेंद्रने डोळे मिटले. "नाही. पहिल्यांदा नाही. सोळा वर्षं निखळतो... हो, गाडीत पण, एकदा." त्यानंतर पुष्कर जे ओरडला ते मला फोन लांब धरूनही ऐकू आलं. चाळीस पोरं, तो म्हणत होता, चाळीस पोरं आहेत रे. फोन बंद झाला.

मी त्याला सरळ उभं राहायला मदत केली. त्याने उजव्या हाताने डावा हात छातीशी धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"सीमा," तो अगदी हळू म्हणाला, "दुखतंय गं. खूप दुखतं."

सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही, खांदा निखळलेला होता. त्याला माझ्या एका जुन्या ओढणीची झोळी बांधली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

हॉस्पिटलमध्ये अपघात विभागात पोरसवदा डॉक्टरने आधी त्याच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला. "कळतंय?" हितेंद्र म्हणाला, "नाही." डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या होत्या ती नस मला आठवली. मग एक्स-रे झाला. दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. मग त्याला टेबलावर पालथा झोपवला, डावा हात कडेवरून खाली सोडला आणि मनगटाला पट्टीने वजनाची पिशवी बांधली. मी वाट बघत होते, आता कोण ओढायला येतं. कुणीच आलं नाही. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेला.

मी शेजारच्या स्टुलावर बसले. हितेंद्र डोळे मिटून पडला होता, इंजेक्शनने थोडा सुस्तावलेला. हात नुसता लोंबत होता. पंधरा मिनिटं गेली असतील. आवाज झाला नाही, झटका बसला नाही. खांद्याचा आकार हळूच गोल झाला आणि हितेंद्रने झोपेत सोडावा तसा श्वास सोडला. कुणी भार टाकला नव्हता, कुणी ओढलं नव्हतं. मी स्टुलावर बसून तोंडावर पदर घेऊन रडले. नर्स म्हणाली, "अहो ताई, बसला खांदा, आता कशाला रडताय?"

ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. डॉक्टर संघमित्रांनी केलं. हाडाचा तुकडा बसवला, दोन स्क्रू. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "उशीर केलात, पण आलात." पुष्करने दुसरा ड्रायव्हर घेतला आहे. हितेंद्र बरा झाल्यावर परत घेईन असं तो म्हणाला नाही, आणि आम्ही विचारलं नाही. बधिरपणा बराचसा गेला. दंडावर रुपयाएवढी एक जागा अजून परकी आहे.

झोळीत हितेंद्र हा प्रकार वेगळाच आहे. दिवसातून दहा वेळा विचारतो, आता काढू का. चौथ्या आठवड्यात मोबाइलवर क्रिकेट बघताना सिक्सर बसला म्हणून दोन्ही हात वर करायला निघाला, मी उशी फेकून मारली. आई अजून माझ्याशी अर्धंच बोलतात. आणि सीतारामकाका रोज संध्याकाळी येऊन कठड्यापाशी उभे राहतात आणि विचारतात, "मग काय, काढून टाकायचा का हा?" दर वेळी मी हो म्हणते आणि दर वेळी ते ऐकू न आल्यासारखं करतात.

तो काढला नाही, याचं कारण व्यायाम शिकवणाऱ्या बाई. सहा आठवड्यांनी झोळी सुटली तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी कमरेच्या उंचीचं, हलणार नाही असं काही आहे का? त्यावर चांगला हात टेकवायचा, पुढे वाकायचं आणि ऑपरेशनचा हात सैल सोडून गोल गोल फिरवायचा. दिवसातून तीनदा, पाच मिनिटं." हितेंद्रने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आता रोज सकाळी सहाला तो कठड्यापाशी उभा राहतो. उजवा हात त्या काळ्या चमकेवर टेकवतो, वाकतो आणि डावा हात सोडतो. हात बारीक झालाय. अगदी लहान फेऱ्यात फिरतो, पुढे, मागे, पुढे. मी पलीकडच्या बाजूला त्याचं घड्याळ घेऊन मिनिटं मोजत उभी असते, कारण हा तीन मिनिटांची पाच सांगतो.

काल फिरता फिरता त्याचं मनगट माझ्या अगदी जवळ आलं आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. घड्याळ खाली पडलं. हितेंद्र थांबला नाही, पण त्याने बघितलं. मी हात मागे घेतले, पाठीशी धरून ठेवले आणि म्हटलं, "फिरव. अजून दोन मिनिटं आहेत."